सिलिअ‍ॅक की आयबीएस? रक्त तपासण्याआधी पोळी सोडू नका

पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. महिन्याला दोन-तीन जण तरी तेच वाक्य घेऊन येतात. "मॅडम, गहू सोडला आणि पोट एकदम शांत झालं. म्हणजे सिलिअ‍ॅकच ना?" सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजवणारा आजार. मी विचारते, रक्त तपासलंत का? "आता करून घेतो की!" इथे माझं डोकं फिरतं.

सिलिअ‍ॅकसाठीची टीटीजी ही रक्ततपासणी ज्या अँटिबॉडी (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं) शोधते, त्या सिलिअ‍ॅकच्या माणसात ग्लुटेन पोटात जात असलं तरच वाढलेल्या दिसतात. गहू बंद केला की त्या ओसरायला लागतात, आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आजार आत तसाच राहतो.

हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी अशीच आली होती. पोट फुगणं, जुलाब, थकवा. एका दवाखान्यात तीन वर्षं तिला "आयबीएस आहे, टेन्शन कमी करा" एवढंच सांगत होते. आयबीएस म्हणजे आतड्याला इजा न होता पोट वारंवार बिघडत राहणं. मी फाईल चाळली तर हिमोग्लोबिन ८.४. लोहाच्या गोळ्यांचे दोन कोर्स झालेले, तरी आकडा जागचा हलला नव्हता. आयबीएसने हिमोग्लोबिन उतरत नाही, वजन घटत नाही, जुलाबासाठी झोपेतून उठावं लागत नाही. यातलं एक जरी असलं तरी पुढे शोधायला हवं. पण तो कागद कोणी नीट बघितलेलाच दिसत नव्हता.

तिने काय केलं? मामीने पाठवलेला व्हिडिओ बघून पोळी सोडली, चार महिने भाकरीवर काढले, बरं वाटलं आणि मग टीटीजी केली. नॉर्मल! "बघा, सिलिअ‍ॅक नाहीच," म्हणाली.

पोटाच्या डॉक्टरांशी बोलून तिला पुन्हा गव्हावर आणलं. दोन्ही वेळच्या जेवणात पोळी, सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन. "मॅडम, पँटचं बटण लागत नाहीये, सोडून देऊ?" नको म्हटलं. निर्दयपणा वाटतो खरा, पण अर्ध्यात सोडलं असतं तर तेवढेही दिवस वाया. सहा आठवड्यांनी टीटीजी भरपूर वाढलेली निघाली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे काढले, आणि रिपोर्टमध्ये अस्तरावरचे अंकुर झिजून सपाट झालेले. आधी रक्त दिलं असतं तर हे सहा आठवडे वाचले असते.

दुसरी चूक, गहू सोडून बरं वाटलं म्हणजे ग्लुटेनच दोषी, हा हिशोब. गव्हात ग्लुटेनबरोबर फ्रुक्टॅन नावाचं कर्बोदकही असतं. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस धरतो. आयबीएसवाल्यांना पोळी सोडून आराम पडतो तो पुष्कळदा यामुळे. हेच फ्रुक्टॅन कांद्या-लसणातही असतं. म्हणून ही मंडळी भाकरीबरोबर कांदा फोडून खातात आणि "गहू नाही तरी पोट फुगतंय" म्हणत परत येतात.

नुसती टीटीजी करू नका, सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी, मोजायला सांगा. आयजीएच कमी असेल तर आयजीएवर बेतलेली टीटीजी खोटा दिलासा देते.

सिलिअ‍ॅकशी जोडलेली जनुकं शोधणारी एचएलएची तपासणी निगेटिव्ह आली तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद. पॉझिटिव्ह आली तर त्यावरून काही ठरत नाही, ती जनुकं भरपूर निरोगी माणसांतही असतात.

दोनशे पदार्थांचं 'फूड सेन्सिटिव्हिटी' पॅनेल? पैसे जास्त झाले असतील तर खुशाल करा, निदानाला त्याचा उपयोग नाही.

आणि आयबीएस म्हणजे "काही सापडलं नाही" असं नव्हे. तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखणं आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, अशी त्याची स्वतःची ओळख आहे.

निदान झालं की लोक निर्धास्त होतात, आणि तिथेही घोळ. त्या मुलीची टीटीजी सहा महिने ग्लुटेनमुक्त आहार पाळूनही उतरेना. ज्वारी, नाचणी, तांदूळ, सगळं बरोबर. मी तिला फडताळातले डबे एकेक करून टेबलावर मांडायला लावले. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ. मेतकुटात गहू. थालीपिठाची भाजणी आईने घरी केलेली, त्यातही मूठभर गहू. आणि ज्वारी दळून यायची कोपऱ्यावरच्या गिरणीतून, गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यावर.

आई म्हणाली, "एवढ्याशाने काय होतंय?" पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर आपल्याकडची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांनी घरघंटी घेतली. गहू त्यात दळायचा नाही, अगदी पाहुण्यांसाठीसुद्धा.