आरव्हीच्या छताला कोटिंग: डबा आणण्याआधी छत ओळखा

आरव्हीच्या, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीच्या, छताचं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटू लागलं की बोल डब्याला लावला जातो. खोट मात्र बहुतेक वेळा खालीच असते: न निघालेली भुकटी, राहून गेलेली ओल, नाहीतर सांध्यावरचं जुनं सिलिकॉन.

आधी छत कशाचं आहे ते बघा. काळं फडकं ओलं करून जोर देऊन घासा. जुनं ईपीडीएम रबर फडक्यावर पांढरी भुकटी सोडतं. टीपीओ, म्हणजे प्लास्टिकच्या जातीची चादर, सहसा सोडत नाही. तरी शंका असेल तर व्हेंटची (छतातल्या हवेच्या झरोक्याची) आतली चौकट काढून छताची कापलेली कड बघा. वरून पांढऱ्या ईपीडीएमची खालची बाजू बहुधा काळी असते. फायबरग्लास आणि अ‍ॅल्युमिनियम हाताला कडक लागतात, ते ओळखायला कष्ट नाहीत.

आता कोटिंगचे प्रकार. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, पाण्यावर आधारित, लावायला सोपं. पण एसीच्या शेजारी खळगा असेल आणि तिथे दिवसचे दिवस पाणी साचत असेल, तर ते तिथेच मऊ पडून उचलतं. अशा छताला सिलिकॉन बरं. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: ओलं झालं की पाय घसरतो, आणि पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही धड चिकटत नाही. फांद्यांखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला युरेथेन चांगलं, ते घासणं सोसतं. छत टीपीओचं असेल तर टीपीओसाठीचा खास प्रायमर (कोटिंग धरून ठेवणारा आधीचा थर) हवाच.

वर चढल्यावर प्लायच्या फळीवर चाला आणि तळव्याने छत दाबत जा. जिथे ते स्पंजासारखं दबतं, तिथलं प्लाय कुजलंय. ते बदलल्याशिवाय कोटिंग करू नका, नाहीतर ओल आतच कोंडली जाईल.

धुताना सौम्य साबण आणि मध्यम ब्रश वापरा. ईपीडीएमवर पेट्रोल, थिनर असलं काही नको, रबर फुगतं. बाजूच्या भिंती आधीच ओल्या करून घ्या, नाहीतर भुकटीचे ओघळ तिथे वाळून बसतात. पुन्हा काळं फडकं फिरवा, ते स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मग नीट वाळू द्या.

सांधे, स्क्रूची डोकी, व्हेंटच्या कडा यांवरचं तडकलेलं सीलंट (फट बुजवणारं लुकण) प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. सपाट भागावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट, म्हणजे सांध्यावरून घालायचं सीलंट, चालतं. उभ्या कडेवर ते ओघळतं, तिथे न ओघळणारं घ्या. कोटिंग सांधा बुजवत नाही. गळती इथेच थांबवायची असते.

आता माप. एक चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की एक मिलिमीटर ओला थर होतो. ८ मीटर × २.४ मीटर छत म्हणजे १९.२ चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर ओला थर धरला तर एका हाताला ९.६ लिटर, दोन हातांना १९.२. रोलर, ट्रे आणि डब्याच्या तळाशी राहणारं धरता २० लिटरचा डबा कमी पडतो. थराची जाडी डब्यावर दिलेली असते, तीच धरा. ताणून पुरवलेलं कोटिंग पातळ राहतं आणि लवकर फाटतं.

कोपऱ्यात एक चाचणी कराच: कोटिंगमध्ये कापडाची पट्टी दाबा, पूर्ण वाळू द्या, मग ओढा. पट्टी कोटिंगसकट सालासारखी स्वच्छ निघाली तर धुणं किंवा प्रायमर चुकलाय.

दव सुकल्यावर, छत तापायच्या आत सुरुवात करा. तापलेल्या छतावर वर साय धरते आणि खाली फोड येतात. उशीर झाला तर संध्याकाळचं दव ओल्या अ‍ॅक्रिलिकला धुऊन नेतं. आधी ब्रशने कडा आणि व्हेंटभोवती मारा, मग रोलर, शिडीच्या विरुद्ध टोकाकडून शिडीकडे येत. दुसरा हात पहिल्याला आडवा द्या, म्हणजे सुटलेल्या जागा दिसतात. मास्किंग टेप शेवटचा थर ओला असतानाच ओढा. वाळल्यावर तो कड घेऊनच येतो.

काम झालं की कोटिंगचं नाव आणि तारीख कपाटाच्या दारामागे लिहून ठेवा. सिलिकॉन असेल तर ठळक लिहा.