वॉटर-कूल्ड पीसीचं कॅबिनेट घरी रंगवताना: सुरकुत्या का पडतात आणि काय करायचं

व्हिडिओत कॅबिनेट सकाळी घासतात, दुपारी रंगवतात आणि रात्री त्यात पाणी फिरताना दाखवतात. इंदुरात हे जमत नाही; खरं तर कुठेच जमत नाही. घासण्यापासून लूप (पाणी फिरण्याचा बंद मार्ग) भरेपर्यंत दहा-बारा दिवस धरा, आणि त्यातले निम्म्याहून जास्त नुसते वाळण्याचे.

पार्ट्स निवडणं, कॅबिनेट खोलून सुटं करणं हे येतं असं धरलेलं आहे. फक्त दोन गोष्टी आधी तपासा. रॅडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर लूपमध्ये अ‍ॅल्युमिनियमची एकही वस्तू नको. दोन धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम खात जातं. आणि रॅडिएटर, पंप, रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी) एकदा कोरडे बसवून पाहा. भोकं पाडायची, पत्रा कापायचा, ते सगळं रंगाआधी.

पत्रा तयार करणं

कॅबिनेटवरचं फॅक्टरीचं पावडर कोटिंग खरवडून काढायला जाऊ नका. घट्ट धरलेलं असेल तर त्याच्याइतकं चांगलं अस्तर तुम्हाला डब्यातून मिळणार नाही. ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, मग ४००. कोपऱ्यांत आणि जाळीत कागद पोचत नाही, तिथे भांडी घासायची हिरवी घासणी. मग भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. गाडीचं डॅशबोर्ड पॉलिश त्या खोलीत आणायचंही नाही. त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर बसलं की रंग तिथून मागे सरकतो आणि गोल डोळे पडतात.

जिथे कापून किंवा घासून पत्रा उघडा पडला आहे तिथे हार्डवेअरवाला हमखास रेड ऑक्साइड हातात देतो. घेऊ नका. कॅबिनेटच्या पत्र्याला बहुतेक वेळा जस्ताचा पातळ थर असतो. तेलाच्या जातीचा प्रायमर जस्ताशी हळूहळू प्रक्रिया करतो, मधे साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांनी रंग पापुद्र्यासारखा सुटतो. उघड्या पत्र्यावर एच (etch, पत्र्याला किंचित खाऊन पकड घेणारा) प्रायमर नाहीतर इपॉक्सी प्रायमर मारा. दोन्ही एकावर एक नकोत. बाकी सगळीकडे साधा प्रायमर चालतो.

मास्किंग

मदरबोर्डच्या स्टँडऑफचे (तो ज्यांवर बसतो त्या छोट्या खुंटांचे) आटे आणि पॉवर सप्लाय जिथे पत्र्याला टेकतो ती जागा टेपने झाका. अर्थिंग तिथूनच मिळतं. रॅडिएटर रंगवत असाल तर जी १/४ मापाच्या (फिटिंग बसतात त्या) प्रत्येक तोंडात प्लग घट्ट बसवा आणि भोवतीची जिथे ओ-रिंग (रबरी कडं) टेकते ती गोल कडही झाका. तिथे रंग गेला तर आज गळणार नाही. रंगाचा कपचा निघाला की मात्र थेंब येईल, आणि तो बरोबर ग्राफिक्स कार्डाच्या वरच असेल. रॅडिएटरची फक्त चौकट रंगवा, हवा जाणाऱ्या पातळ पट्ट्या (फिन) आडव्या पुठ्ठ्याने झाका. पंख्याची पाती रंगवू नका, तोल बिघडतो.

अ‍ॅक्रिलिकच्या रिझर्व्हॉयरला किंवा नळीला आयपीए लावू नका. ताण असलेल्या जागी बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.

कधी रंगवायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन. जुलै-ऑगस्टमध्ये नाहीच. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळा रंग दुधाळ दिसायला लागतो. मे महिन्यात उलट: गरम पत्र्यापर्यंत पोचायच्या आतच थेंब वाळतो आणि रंग खरखरीत बसतो, त्यात लू धूळ आणते. रंगपंचमीच्या आसपासही थांबा. राजवाड्याकडे गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते तेव्हा गुलाल कुठल्या गच्चीवर जाऊन बसेल याचा नेम नसतो.

गच्चीवर तीन बाजूंनी बंद मोठं खोकं ठेवा आणि खाली फरशी ओली करा. कार्ट्रिजवाला मास्क घाला. कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही.

रंग: इथेच काम बिघडतं

मिड-टॉवर आतून-बाहेरून रंगवायला ४०० मिलीचे साधारण दोन डबे प्रायमर, तीन रंग, दोन क्लिअर (वरचा पारदर्शक थर) लागतात. रंगाचे तिन्ही डबे एकाच बॅचचे घ्या, मेटॅलिक असेल तर विशेषकरून. सियागंजात किंवा जेल रोडला, कुठेही घ्या, पण डब्यावर रंगाची जात आणि दुसरा हात किती वेळाने मारायचा हे छापलेलं नसेल तर परत ठेवा.

हा छापील वेळ कुणी वाचत नाही आणि सुरकुत्यांचं कारण नेमकं तेच असतं. एनॅमल जातीच्या बऱ्याच डब्यांवर लिहिलेलं असतं: पुढचा हात एका तासाच्या आत, नाहीतर २४ किंवा ४८ तासांनंतर. पहिल्या तासात थर अजून मऊ असतो, नवा हात त्यात मिसळून जातो. पूर्ण पिकल्यावर थर इतका घट्ट होतो की नवं थिनर त्यात शिरू शकत नाही. मधल्या काळात मात्र तापवलेल्या दुधासारखं होतं: वर साय, खाली पातळच. नव्या हाताचं थिनर साय भेदून खाली जातं, साय फुगते आणि डोळ्यांदेखत सुरकुतते. बोटाला चिकटत नाही म्हणजे वाळला, हा सल्ला देणाऱ्याने फक्त साय तपासलेली असते.

म्हणून सगळे हात एकाच बैठकीत मारा. डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा (कढत नको, ५० अंशांच्या वर डबा फुटू शकतो), गोळी वाजायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू करा, बाहेरच थांबवा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढू द्या. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. दहा मिनिटं थांबा, दुसरा, पुन्हा दहा मिनिटं, तिसरा ओलसर. तासाभरात तीन हात आणि विषय बंद. राहिलेला ठिपका संध्याकाळी दिसला तरी हात आवरा. तो दोन दिवसांनी बघू.

क्लिअरची जातही जुळली पाहिजे. लॅकरवर एनॅमल चालतं, एनॅमलवर लॅकर चालत नाही. शंका असेल तर मदरबोर्ड ट्रेच्या मागच्या बाजूला, जिथे वायरी लपतात, आधी मारून बघा. हार्डनरवाला टू-के (दोन भागांचा) क्लिअर सर्वांत टणक असतो, पण त्यात आयसोसायनेट असतं आणि त्याने फुप्फुसाला कायमचा त्रास होऊ शकतो. तो घरी नको. तसाच फिनिश हवा असेल तर रंगवलेले पत्रे डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे द्या.

सुरकुतलंच तर त्यावर आणखी रंग मारून झाकू नका आणि थिनरच्या बोळ्याने पुसूही नका, चिखल होतो. आठवडाभर ठेवा, ४०० ने सपाट करा, प्रायमरपासून पुन्हा.

वाळवणं आणि जोडणी

किमान सात दिवस, थंडीत दहा. नाक जवळ नेल्यावर वास येतो तोवर थिनर आत आहे. नंतर न दिसणाऱ्या जागी नख दाबा, खूण राहिली तर आणखी थांबा. कच्च्या रंगावर रबरी पाय किंवा मऊ नळी टेकली की कायमचा ठसा उमटतो. प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर डोकं फिरताना रंग गुंडाळून आणतं.

रॅडिएटर गरम डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा, आतून फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या वेळी वापरतात त्याचा) कचरा निघणं थांबेपर्यंत. पाच लिटरचा कॅन आणा. नळाचं नर्मदेचं पाणी किंवा घरच्या आरओचं, दोन्ही नकोत, क्षार राहतातच. हार्ड ट्यूब (कडक नळी) घ्यायची तर एसी नसलेल्या खोलीसाठी अ‍ॅक्रिलिक घ्या. पीईटीजी (दुसऱ्या प्लास्टिकची नळी) वाकवायला सोपी, पण लवकर मऊ पडते, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते. लूपमधलं पाणी त्याहून गरम.

फिटिंग हातानेच आवळा, पान्हा नको. पंप कोरडा चालवू नका. पहिली भरणी करताना वीज फक्त पंपाला द्या, प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवा. चोवीस तासांनी सगळे टिश्यू कोरडे असले तर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या केबल लावा.