जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, आता घरचं वायफाय कसं जोडायचं?

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. तिच्यात बहुतेक लॅपटॉपवर हे दोन मिनिटांचं काम आहे. खालच्या पट्टीत उजवीकडे, घड्याळाजवळ नेटवर्कचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करा, आपल्या राउटरचं नाव निवडा आणि पासवर्ड टाका. बदललेला नसेल तर पासवर्ड सहसा राउटरखालच्या स्टिकरवर सापडतो. टाकताना अक्षरं दिसतील अशी खूण करून घ्या, शून्य आणि ओ यांत हमखास गल्लत होते.

खरी पंचाईत होते ती यादीत एकही नाव दिसत नाही तेव्हा. घाईने सगळं पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. आधी वायफाय बंद तर नाही ना, ते बघा. जुन्या काही लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं छोटं बटण असतं, काहींवर एफएन धरून अँटेनाचं चित्र असलेली की दाबावी लागते.

तरीही काही नाही? मेन्यूतून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडा, एल-एस-पी-सी-आय ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, सलग टाइप करून एंटर दाबा. लांबलचक यादीत नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधा. तिथे वायफाय कार्ड कोणत्या कंपनीचं ते कळतं. इंटेलचं कार्ड असेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, सहसा कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच कार्डांना मात्र कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो.

आता ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, वेड गेल्याशिवाय लग्न होईना! यातून अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही जात नाही. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटा वाहणारी हवी. इथेच बरेच जण अडकतात.

मग मेन्यूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा, लागू करा आणि मशीन रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर मध्येच एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्टच्या वेळी निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा चुकवला तर ड्रायव्हर असूनही चालत नाही.

नाव दिसतं पण जोडलं जात नाही, असं झालं तर राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ या नव्या प्रकारावर आहे का ते बघा. जुन्या कार्डांना ती झेपत नाही, डब्ल्यूपीए-२ ठेवा. आणि राउटरच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नसेल तर कार्ड फक्त २.४ चं असू शकतं. तेच वापरा. वेग कमी मिळतो, पण भिंतींपलीकडच्या खोलीत ते अधिक चांगलं पोचतं.

अजून मिंट टाकलं नसेल तर उत्तमच. पेनड्राइव्हवरूनच ते चालू करा आणि वायफायची नावं दिसतात का बघा. हार्डडिस्कला हात लावायच्या आधीच कळेल.