कृत्रिम किडनीची बातमी आली की आधी काय बघायचं

घरात कुणी डायलिसिसवर असेल तर "कृत्रिम किडनी आली, आता डायलिसिस बंद" हा मेसेज तुम्हाला कधी ना कधी आलेलाच असणार. पाठवणारा मायेनेच पाठवतो, पण पेशंट तो वाचून पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांना विचारतो, डॉक्टर नाही म्हणतात आणि मग त्याचा जो चेहरा उतरतो तो बघवत नाही. संशोधन खोटं नाहीये, उलट फार मोठं काम चाललंय, फक्त ते आज कुठवर आलंय ते नीट कळायला हवं.

पहिला प्रश्न, प्रयोग कुणावर झाला? सगळ्यात जास्त फिरणारी बातमी अमेरिकेतल्या 'किडनी प्रोजेक्ट'ची. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले शुवो रॉय आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठातले विल्यम फिसेल हे दोघं त्याचे प्रमुख. कल्पना अशी की पोटात बसेल एवढी छोटी पेटी, तिच्यात दोन भाग, एकात सिलिकॉनची अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी जी रक्त गाळते, आणि ते रक्त आपल्याच हृदयाच्या दाबाने आत ढकललं जातं म्हणजे वेगळा पंप नको, आणि दुसऱ्या भागात किडनीच्या जिवंत पेशी, ज्या गाळलेल्यातलं कामाचं पाणी आणि क्षार परत घेतात. २०२३ मध्ये जे छापून आलं ते या दुसऱ्या भागाबद्दल होतं. तो डुकरांच्या शरीरात ७ दिवस ठेवला, पेशी जिवंत राहिल्या आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली नाहीत. ही शेवटची गोष्ट खरंच मोठी आहे. पण एक भाग, ७ दिवस, डुक्कर. यावरून तुमच्या वडिलांचं डायलिसिस या दिवाळीला बंद होणार नाही, एवढं स्वतःला सांगून मग पुढचं वाचा.

दुसरा प्रश्न, किडनीचं नेमकं कुठलं काम हे यंत्र करणार? किडनी नुसती गाळणी नाहीये, रक्त तयार व्हायला लागणारं एरिथ्रोपोएटिन ती बनवते, व्हिटॅमिन डी कामाचं करते, बीपी सांभाळते. डायलिसिसचं मशीन रक्त साफ करतं आणि जास्तीचं पाणी काढतं, बाकीचं नाही करत, म्हणून तर एवढं डायलिसिस करूनही हिमोग्लोबिन पडतं आणि इंजेक्शन घ्यावं लागतं. बातमीत या बाकीच्या कामांचं नावच नसेल तर ती सुधारलेल्या डायलिसिसची बातमी आहे असं समजा, तेही काही कमी नाही.

कमरेला बांधायच्या किडनीचंही बघा. साध्या डायलिसिसमध्ये रक्तातली घाण ओढून घेणारा द्रव मिनिटाला ५०० मिली फिरतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर, आता हे कमरेला कसं बांधणार? म्हणून थोडाच द्रव घेऊन तोच परत परत साफ करून वापरायचा, यासाठी व्हिक्टर गुरा यांनी पट्टा बनवला. सिएटलमध्ये सात पेशंटवर २४ तासांसाठी त्याची चाचणी झाली, २०१६ ला निकाल आले, रक्त साफ होत होतं, पाणीही निघत होतं, पण द्रवात वायूचे बुडबुडे आणि यंत्राच्या इतर अडचणी आल्याने चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली. किती लोक, किती वेळ, का थांबली, ही तीन उत्तरं बातमीत शोधायचीच.

डुकराच्या किडनीची बातमी वेगळी, ती यात मिसळू नका. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६९ जनुकीय बदल केलेली डुकराची किडनी जिवंत माणसाला पहिल्यांदा बसवली, पेशंट साधारण दोन महिन्यांनी गेले, किडनीमुळे गेले असं दिसत नाही असं हॉस्पिटलने सांगितलं. नंतर न्यूयॉर्कमध्ये एका बाईंना बसवलेली १३० दिवस चालली, मग शरीराने नाकारली आणि त्या परत डायलिसिसवर आल्या.

भारतात कुठली चाचणी सुरू आहे का हे सीटीआरआय म्हणजे अशा चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी वेबसाईटवर शोधता येतं, पेशंट घेण्याआधी तिथे नोंदणी करावीच लागते. "ट्रायलमध्ये घेतो, एवढे भरा" म्हणणारा कुणी भेटला तर पैसे देऊ नका, आधी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांना अजून डायलिसिस लागलेलं नाही त्यांच्यासाठी संशोधन मेडिकलच्या दुकानापर्यंत पोचलंय आणि त्याचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही. डापाग्लिफ्लोझिन ही मूळची शुगरची गोळी, २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसलं की शुगर नसलेल्यांचीही किडनी बिघडण्याचा वेग ती कमी करते. त्याच वर्षी भारतात पेटंट संपलं आणि स्वस्त ब्रँड आले. सगळ्यांना चालत नाही, उपास, उलट्या, ऑपरेशन असेल तेव्हा थांबवावी लागते, म्हणून मनाने सुरू करू नका, पण डॉक्टरांना विचारा नक्की. आणि सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) किंचित वाढलेलं दिसू शकतं, ते बघून मनाने बंदही करू नका.

रिपोर्टमध्ये नुसतं क्रिएटिनिन बघून सुटल्यासारखं वाटतं तेही चुकतं. साठ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ आलं तर बऱ्याच जणांना ते ठीकच वाटतं, पण ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, काढला तर तो ५२ च्या आसपास येतो, आणि ६० च्या खाली तीन महिने राहिला तर तो किडनीचा आजार. सोबत लघवीतून प्रोटीन जातंय का ते दाखवणारी अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो तपासणी सांगा, ती ३० च्या वर गेली की लक्ष द्यायचं. शुगर किंवा बीपी असेल तर दोन्ही दरवर्षी.

डायलिसिस सुरू असेल तर फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेला, हात जपा. त्या हातावर बीपी नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नाही, रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागतेय का बघायचं आणि लागली नाही तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. ट्रान्सप्लांट होण्यासारखं असेल तर हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीत, म्हणजे दान आलेले अवयव कुणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या केंद्राच्या यादीत, नाव घाला, महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रं आहेत. घरातल्या डोनरचा रक्तगट जुळत नसेल तर स्वॅपबद्दल, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाशी डोनरची अदलाबदल करण्याबद्दल, विचारा. आणि यादीत नाव असेल तर नंबर बदलला की कोऑर्डिनेटरला लगेच कळवा, घरातल्या अजून दोघांचे नंबर देऊन ठेवा, कारण तो फोन रात्री दोनलाही येऊ शकतो.