९९ रुपयांचं डोमेन आणि इतर घोडचुका: या चुका टाळा

वरूडच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याचे अर्ज, आणि त्याच टेबलावर बारा वर्षांपासून लोकांच्या वेबसाईटी. गिऱ्हाईक म्हणजे कलमांचे नर्सरीवाले, संत्र्याचे व्यापारी, कृषी केंद्रं, दोन-चार शाळा आणि अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या. डोमेनचा, म्हणजे वेबसाईटच्या नावाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, स्वस्तातलं घेऊ का भारीतलं?" प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर ऐकायच्या आधीच मोबाईलवर ९९ रुपयांची जाहिरात उघडलेली असते आणि अंगठा बटणावर असतो. मग वर्षा-दोन वर्षांनी तीच माणसं, तीच तक्रार. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

पहिल्या वर्षाचा भाव म्हणजेच भाव, असं समजणं

डॉट कॉम कुठूनही घ्या, माल एकाच गोदामातला असतो. सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंद अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे असते. आपण ज्यांच्याकडून नाव घेतो ते रजिस्ट्रार म्हणजे परवानाधारक दुकानदार, आणि त्यांना मान्यता देणारी संस्था आयकॅन. दुकानदाराला प्रत्येक नावामागे वर्षाला ठरलेली रक्कम व्हेरिसाइनकडे भरावीच लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती १०.२६ डॉलर झाली. २०२१ च्या ऑगस्टपर्यंत ७.८५ होती. म्हणजे नऊशे रुपयांच्या आसपास त्याची खरेदीच. वर आयकॅनचे काही सेंट आणि आपल्याकडचा १८ टक्के जीएसटी.

मग ९९ रुपयांत कोणी देत असेल तर बाकीचे आठशे तो पदरचे टाकतो आणि पुढच्या वर्षांत तुमच्याकडूनच वसूल करतो. यात लपवाछपवी नाही. नूतनीकरणाचा दर जाहीर ठेवणं आयकॅनच्या नियमाने बंधनकारकच आहे. आपण तिथपर्यंत वाचत नाही, एवढंच.

माझी सवय सांगतो. कोणतंही डोमेन घ्यायच्या आधी मी कागदावर चार वर्षांची बेरीज मांडतो. समजा एकीकडे पहिलं वर्ष ९९ आणि पुढे दरवर्षी १,४९९; दुसरीकडे सरसकट १,०५०. तीन वर्षांत पहिला ३,०९७ होतो, दुसरा ३,१५०. वाचले ५३ रुपये. चौथ्या वर्षी पहिला ४,५९६ वर जातो, दुसरा ४,२०० वर थांबतो. संत्र्याचं झाड धरायलाच पाच वर्षं लागतात हे ज्याला कळतं, त्याने नर्सरीच्या नावाचा हिशोब एका वर्षावर का करावा?

डॉट एक्सवायझेड, डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर अशा शेपटांमध्ये ही दरी आणखी मोठी असते. शेपूट नवं दिसतं म्हणून घेऊ नका. गावाकडच्या धंद्याला डॉट इन पुरतं. त्याचा कारभार निक्सी या आपल्याच देशातल्या संस्थेकडे आहे आणि लोकांना फोनवर सांगायलाही सोपं जातं.

सातबारा दुसऱ्याच्या नावावर

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, आणि हिला स्वस्त-महाग दोन्ही सारखेच.

शेंदुरजनाघाटकडचे एक नर्सरीवाले काकाजी. तीन पिढ्यांचा कलमांचा धंदा. जंबेरीच्या खुंटावर बांधलेली त्यांची कलमं पार पांढुर्ण्याकडून, मध्य प्रदेशातून लोक येऊन नेतात. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या १६ तारखेला ते दुकानात आले. पाऊस पडलेला, लागवडीची ऐन घाई.

"सर, पांढुर्ण्याच्या पार्टीचा फोन आलता. म्हने तुमची वेबसाईटच उघडून नाही राह्यली. माहे फोटो कुठी गेले?"

मी नोंद काढून पाहिली. डोमेन १८ मेलाच संपलेलं. ते घेतलं होतं भाच्याने, नागपूरला इंजिनिअरिंगला असताना, ९९ रुपयांत. नोंदणी भाच्याच्या नावावर, ईमेल कॉलेजचा. दुसऱ्या वर्षाचे पैसे त्याने न सांगता स्वतः भरले. गुणी पोरगा. मग कॉलेज संपलं, हैदराबादला नोकरी लागली, मोबाईल नंबर बदलला, कॉलेजने ईमेल बंद केला. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत आठवण पाठवणं रजिस्ट्रारला सक्तीचं असतं. त्या आठवणी गेल्याही असतील. बंद झालेल्या खात्यात.

मुदत संपली की डॉट कॉम लगेच जात नाही. आधी सवलतीचे दिवस असतात, जास्तीत जास्त ४५, पण किती द्यायचे ते रजिस्ट्रारवर. या काळात सहसा नेहमीच्या भावात नाव परत मिळतं. नाव चांगलं असेल तर काही रजिस्ट्रार याच दिवसांत लिलावही लावतात. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ. त्यात नाव सोडवता येतं, पण दंड भरून. मग पेंडिंग डिलीटचे ५ दिवस, त्यात काहीच करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते नाव जगात कोणालाही मोकळं. काकाजींचं नाव २७ जूनला रिडेम्प्शनमध्ये गेलं होतं. हातात अकरा दिवस.

पैसे भरायला काकाजी तयार होते, पण भरायचे कोणाच्या खात्यात शिरून? पासवर्ड भाच्याकडे नाही, पासवर्ड बदलायचा दुवा जाणार बंद ईमेलवर. भाच्याने रजा टाकून स्वतःचं ओळखपत्र, जुन्या पावत्या आणि लेखी अर्ज पाठवला. रजिस्ट्रारच्या मदत केंद्रातून रोज वेगळा माणूस आणि रोज तेच पहिले तीन प्रश्न. इकडे बिलबुकावर, नर्सरीच्या फाट्यावरच्या बोर्डावर, चार हजार छापील पत्रकांवर तेच नाव. काकाजी रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचे. काही विचारायचे नाहीत.

२४ तारखेला नाव सुटलं. दंड आणि नूतनीकरण धरून सात हजारांच्या वर गेले. तीन दिवस उरले होते.

तेव्हापासून मी कोणाचंही डोमेन घेताना नोंदणी मालकाच्याच नावावर करतो, ईमेल मालकाचा आणि नंबर घरातल्या न बदलणाऱ्या सिमचा. माझ्या दुकानाच्या नावावर कधीच नाही, गिऱ्हाईक म्हणालं तरी नाही. वावर कसणारा वेगळा असू शकतो, सातबारा मालकाचाच हवा. भाचा, जावई, शाळेतले संगणकाचे सर, "आमच्या ओळखीचा मुलगा", यांना काम द्या, खातं देऊ नका.

महाग म्हणजे मजबूत, हा समज

एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक दरवर्षी एका डॉट कॉमचे २,८०० रुपये भरत होते. का, तर "मोठी कंपनी आहे, वेबसाईट फास्ट चालते." डोमेनमुळे वेबसाईट वेगात चालत नाही. तो वेग होस्टिंगचा, म्हणजे साईट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्याचा. जास्त पैशात तुम्हाला फोन उचलणारा माणूस, खातं सांभाळायचं सरळ पॅनल आणि अडचणीत जलद मदत मिळत असेल, तर ते पैसे मी आनंदाने देतो. वरच्या गोष्टीत अशा एका माणसाची किंमत काय असती ते मला ठाऊक आहे. पण आधी खात्री करा. मी खरेदीआधी मदत केंद्राला एक साधा प्रश्न पाठवतो: "मला दुसरीकडे जायचं झालं तर ट्रान्सफरचा कोड पॅनलमध्ये कुठे मिळेल?" सरळ उत्तर आलं तर दुकान चांगलं. टाळाटाळ झाली तर भाव काहीही असो, मी तिथे घेत नाही.

याउलट क्लाउडफ्लेअर हा रजिस्ट्रार डॉट कॉम नावं खरेदीच्या भावात देतो, वर नफा लावत नाही. स्वस्त म्हणून ते कच्चं नाही. अट एवढीच की नेमसर्व्हर, म्हणजे नाव टाकल्यावर कोणती साईट उघडायची ते सांगणारे संगणक, त्यांचेच वापरावे लागतात.

लिंकिंग

युरियाच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्याला लिंकिंग म्हणतात. तसंच इथे. पैसे भरायच्या पानावर चार गोष्टींवर आधीच टिक असते. एसएसएलचे, म्हणजे साईट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचे, पैसे देऊ नका, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत मिळतं आणि बऱ्याच होस्टिंगमध्ये आपोआप बसतं. नोंदणीतली मालकाची माहिती लपवण्याची सेवा डॉट कॉमवर बरेच जण फुकट देतात, आणि डॉट इनवर ती चालतच नाही. बाकीच्या सगळ्या टिक काढून टाका.

थोडक्यात, पण तितक्याच महागात पडणाऱ्या

होस्टिंगसोबत "मोफत" मिळालेलं डोमेन दुसऱ्या वर्षी कितीला पडतं ते आधी विचारा.

नोंदणीनंतर ईमेल पडताळणीचा दुवा येतो. १५ दिवसांत दाबला नाही तर चालू साईट बंद पडते.

परदेशी रजिस्ट्रारकडे ऑटो-रिन्यू लावून निर्धास्त होऊ नका. आपल्याकडची बरीच डेबिट कार्डं परदेशी व्यवहाराला बंदच असतात, आणि ग्रामीण बँकेच्या कार्डावर तर मी विसंबतच नाही. यूपीआय घेणारा रजिस्ट्रार थोडा महाग असला तरी गावात तोच बरा.

मान्यता आयकॅनच्या यादीत पाहा, डॉट इनसाठी निक्सीच्या. २००७ साली रजिस्टरफ्लाय नावाच्या रजिस्ट्रारची मान्यता आयकॅनने काढून घेतली, तेव्हा हजारो लोकांचा जीव टांगणीला लागला होता.

नवीन डोमेन मी दिवाळीनंतर घेतो. कापसाचे आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांचे पैसे हातात असतात, आणि मुदतीची तारीख पेरणीच्या तंगीत येत नाही. तारीख वहीत लिहितो आणि जमेल तर पाच वर्षांचे एकदम भरतो. डॉट कॉम दहा वर्षांपर्यंत भरता येतं, आणि आधी भरलं म्हणून उरलेले दिवस बुडत नाहीत.

घाईत ट्रान्सफर

व्हिडिओ पाहून पोरं मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला निघतात. असं करू नका. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम ६० दिवस हलत नाही. कुलूप काढणं, कोड घेणं आणि जुन्या रजिस्ट्रारने सोडणं यात पाच-सहा दिवस सहज जातात. मी दोन महिने हातात ठेवून हलवतो. ट्रान्सफरचे पैसे वाया जात नाहीत, मुदतीत एक वर्ष वाढतं. आणि हलवण्याआधी डीएनएसच्या, म्हणजे साईट आणि ईमेल कुठे न्यायचे ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदींचा फोटो काढा. नेमसर्व्हर जुन्या दुकानाचे असले तर नाव हलल्यावर त्या नोंदी पुसल्या जातात. साईट आठवते सगळ्यांना, ईमेलच्या नोंदी कोणालाच आठवत नाहीत.

साईट अचानक गेली तर

आधी मला फोन करू नका, आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाका. तिथे मुदतीची तारीख आणि स्टेटस दिसतं. तारीख उलटली असेल आणि स्टेटसमध्ये रिडेम्प्शन किंवा पेंडिंग डिलीट नसेल, तर आजच्या आज पैसे भरा. क्लायंट होल्ड, म्हणजे रजिस्ट्रारने नाव थांबवलेलं, दिसलं तर बहुतेक वेळा पडताळणीचा ईमेल राहिलेला असतो, स्पॅममध्ये शोधा. रिडेम्प्शन दिसलं तर दंडाचा आकडा विचारून त्याच दिवशी निर्णय घ्या, भावाची घासाघीस करत बसू नका. नुसतं पेंडिंग डिलीट असेल तर पाच दिवस थांबून नाव मोकळं झाल्याबरोबर पुन्हा घ्यायचा प्रयत्न करायचा. आणि सगळं ठीक दिसत असेल, तर डोमेनचा दोष नाही. होस्टिंगवाल्याला फोन लावा.