ओल्या कातळावर स्टॉक क्रॉलर : या चुका टाळा

क्रॉलर म्हणजे दगडांवर चढण्यासाठी बनवलेली, रिमोटवर चालणारी छोटी गाडी. स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशीच, काही न बदललेली. पावसाळा लागला की माझा फोन सुरू होतो. "दादा, गाडी चढतच नाही. कोणते टायर घेऊ?" मी आधी एवढंच विचारतो, की किती बॅटऱ्या चालवून झाल्या? उत्तर बहुतेक वेळा एक, नाहीतर अर्धी. अर्ध्या बॅटरीत ना गाडी कळते, ना आपलं बोट कळतं.

१:१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, स्टॉक क्रॉलर साधारण अडीच-तीन किलोची असते. बहुतेकींचे पुढचे-मागचे डिफ (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) कायमचे लॉक असतात, काहींमध्ये ते रिमोटवरून लॉक करावे लागतात. गिअरिंग इतकं खाली असतं की चालत्या माणसाच्या वेगाने पळाली तरी भरपूर. ही गाडी कंपनीने सावकाश चढण्यासाठीच बनवलेली आहे. तिला आधी तशी चालवून बघा. पितळेची वजनं आणि मऊ टायर घेणाऱ्यांत निम्म्यांना त्यांची गरज नसते, हे मी गेली कितीतरी वर्षं बघतोय.

चाक फिरतंय म्हणून आणखी दाबणं

सगळ्यात जास्त गाड्या या एका चुकीने जातात, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

ऑगस्टात पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात एका ओढ्यावर गेलो होतो. बरोबर बहिणीचा मुलगा होता, त्याची गाडी नवी कोरी. ओढ्याच्या कडेला दोन पुरुष उंचीचा सलग कातळ, उभा चढ, आणि मधोमध पाझराची हिरवी पट्टी. मी म्हटलं, "थांब, आधी हाताने चाचपून बघू." तो म्हणाला, "मामा, एकदा घालून तर बघू." गाडी अर्ध्यावर अडकली. मागची चाकं जागेवरच फिरायला लागली, त्यातलं उजवं पट्टीच्या कडेला. त्याने रिमोटचा ट्रिगर पूर्ण दाबला. फिरणाऱ्या चाकाने शेवाळाचा लगदा करून स्वतःखालीच पसरला, मागची बाजू कोनात सरकली, पुढची चाकं आभाळाकडे झाली आणि गाडी दोन कोलांट्या घेऊन खालच्या डोहात पडली. पाणी मांडीएवढं. बाहेर काढली तेव्हा बॅटरी पट्ट्यातून निसटून वायरीला लोंबकळत होती, सर्व्होचं (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचं) प्लास्टिकचं हॉर्न, म्हणजे तिचा दांडा, तुटलं होतं आणि बॉडीची एक क्लिप गायब होती.

झालं काय, तर चाक दगडाला धरून वळतं तेव्हाची पकड ते घसरत फिरतं तेव्हापेक्षा जास्त असते. चाक एकदा सुटलं की वाढीव ताकद फक्त चिखल करण्यात जाते. शिवाय लॉक डिफमुळे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे एका बाजूला पकड आणि दुसऱ्या बाजूला शेवाळ असेल, तर गाडी वर जायच्या ऐवजी आडवी वळते. आडवी वळलेली गाडी उभ्या चढावर उलटणारच.

माझी सवय सांगतो. चाकाचा एक फेरा पूर्ण व्हायला मनात एक, दोन, तीन मोजतो. चाक अर्धा फेरा जागेवर फिरलं की बोट उचलतो, वीतभर मागे घेतो आणि वेगळी वाट धरतो. नवशिक्याच्या रिमोटवर थ्रॉटलची मर्यादा निम्म्यावर आणून ठेवतो. पोरांना ते आवडत नाही, तरी दोन बॅटऱ्या तसंच चालवायला लावतो. त्या दिवशी जादाचं हॉर्न लावून आम्ही तीच गाडी, तेच टायर, फक्त दीड हात डावीकडच्या खरबरीत भागावरून नेली. तिसऱ्या प्रयत्नात वर गेली.

दगड न बघता गाडी घालणं

आपल्याकडचा दगड बहुतेक सगळा काळा बेसाल्ट, पण तोही एकसारखा नसतो. ज्यात बारीक छिद्रं आणि पांढऱ्या गाठी दिसतात तो टायरला धरतो, ओला असला तरी बऱ्यापैकी. ओढ्याच्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेला घट्ट काळा कातळ भिजला की फसवतो. आणि जिथे सावली आणि पाझर एकत्र आहेत, तिथे शेवाळ असतंच, हिरवं दिसो वा न दिसो. काळपट चकाकी दिसली की नखाने खरवडून बघा. नखात बुळबुळीत आलं तर ती जागा सोडा. तिथे कुठलाही टायर टिकत नाही, महागातला सुद्धा. आणखी एक धोका मुरमाड कडांचा. दगड कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटलेला असतो, त्यावर चाक चढलं की पापुद्रा चाकासकट खाली येतो.

याहून जास्त राग मला काळ्या मातीचा येतो, म्हणजे मातीचा नव्हे, ती तुडवत गाडी नेणाऱ्यांचा. ओढा रानाच्या पलीकडे असतो, म्हणून पोरं बांधावरून गाडी चालवतच नेतात. आपली रेगूर ओली झाली की डिंकासारखी चिकटते. टायरच्या खाचा गच्च भरतात आणि वर गुळगुळीत थर बसतो. मग कातळावर दगडाला रबर लागतच नाही, लागते ती माती. आणि म्हणायचं, टायर वाईट! गाडी हातात उचलून कातळापर्यंत न्या. पिशवीत जुना दात घासायचा ब्रश आणि पाण्याची बाटली ठेवा, दर चढाईआधी खाचा साफ करा. नवे टायर तर पहिल्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला थर त्यांच्यावर राहिलेला असतो.

वजन घातलं की पकड वाढेल, हा समज

सगळीकडे सारखं वजन टाकलं तर चढ चढणं सोपं होत नाही. दगडावरचा दाब वाढतो तसं खाली ओढणारं वजनही वाढतं, घसरण्याचा कोन जवळजवळ तोच राहतो. ३० अंशांच्या उतारावर टिकायला घर्षणांक सुमारे ०.५८ लागतो, ४५ अंशांवर १. हे आकडे गाडी किती किलोची आहे ते विचारत नाहीत. वजनाचा उपयोग ते कुठे आहे यावर असतो. खाली आणि पुढे असेल तर पुढची चाकं उचलत नाहीत. म्हणून काही विकत घ्यायच्या आधी बॅटरी पुढे सरकवता येते का ते बघा.

त्याआधी एक साधी परीक्षा घ्या. लांब फळीवर गोणपाट ताणून ठोका. बॅटरीसकट, रिमोट चालू ठेवून, पुढची बाजू वर करून गाडी ठेवा आणि फळी हळूहळू उचला. पुढची चाकं सुटली की फोनमधल्या लेव्हलवर कोन वाचा. आडवी ठेवूनही वाचा. मग ओढ्यावर गाडी आधी घसरते की आधी उलटते ते बघा. आधी घसरत असेल तर वाट आणि टायर. आधी उलटत असेल तर वजन. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

बॅटरी

ईएससी (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारं सर्किट) लाइपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर लावलेलं आहे की एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) बॅटरीवर, हे डब्यातून काढल्याबरोबर बघा. काहींवर त्यासाठी छोटा जम्पर, म्हणजे काढून दुसरीकडे लावायची टोपी, असतो. चुकीच्या बाजूला असेल तर गाडी लाइपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली नेईपर्यंत चालत राहते, आणि तो सेल मेलाच समजा. गरम बॅटरी चार्जला लावू नका. घरी पडून राहणार असेल तर दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या चारचाकीच्या डिकीत लाइपो ठेवणं म्हणजे आग जवळ ठेवणं. फुगलेली बॅटरी अजून चालतेय म्हणून वापरणारे भेटले की मला बोलायला शब्द सुचत नाहीत.

आणखी काही

उतरताना बोट पूर्ण सोडू नका. बोट सोडलं की आपोआप लागणारा ड्रॅग ब्रेक चाकं जाम करतो आणि जाम चाकं ओल्या दगडावर घसरगुंडी होतात. अगदी थोडा थ्रॉटल देत चाकं फिरती ठेवा.

दोन दगडांत चाक अडकलेलं असताना स्टिअरिंग दाबून धरू नका, सर्व्हो जळतो. थोडं पुढे-मागे करत वळवा.

मोटरच्या पिनियनचा (दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाचा) स्क्रू आणि चाकांच्या नटा दर वेळी बघा.

रिमोट आधी चालू, शेवटी बंद. फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की गाडीने काय करायचं ती सोय, न्यूट्रलवर.

'वॉटरप्रूफ' म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. बेअरिंग गंजतातच. घरी आल्यावर सायकलच्या पंपाने पाणी उडवा, बेअरिंगना तेल द्या, टायरमधला फोम दाबून पिळा. फोममध्ये पाणी राहिलं तर दुसऱ्या दिवशी गाडी डुलत चालते.

चपलेवर येऊ नका. गाडीकडे बघत चालणारा माणूस गाडीच्या आधी घसरतो. वरच्या बाजूला ढग काळे झाले आणि ओढ्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं की गाडी जिथे असेल तिथून उचला आणि बाहेर पडा. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांच्या परिसरात किंवा देवगिरीच्या कातळावर गाडी काढायचा विचारही नको. ती संरक्षित स्मारकं आहेत.

आणि गाडी फटीत अडकली तर हात घालू नका. पावसाळ्यात त्याच फटीत विंचू असतो, कधी फुरसं. मी हातभर काठीला तारेचा आकडा बांधून ठेवलाय, पुढच्या बंपरला तो अडकवतो आणि ओढतो.