मेथी-जवसावर कोलेस्टेरॉल उतरवताय? या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर रोज ऐकतो: "मेथीचं पाणी चालू केलंय." रात्री चमचाभर दाणे भिजवायचे, सकाळी पाणी गाळून प्यायचं आणि दाणे टाकून द्यायचे! अहो, भिजलेल्या दाण्याचा जो बुळबुळीत चिकटपणा बोटाला लागतो, तोच कामाचा. हा विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो. मग नवीन पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. हा तंतू बहुतेक दाण्यातच राहतो. शिवाय हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने टाइप 2 मधुमेहींना मेथी देऊन पाहिली ती दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. म्हणून उद्यापासून सहा चमचे फाकू नका, पोट धरून बसाल. एका चमच्याने सुरुवात करा, हळूहळू वाढवा. आमच्याकडे पूड सरळ कणकेत जाते.

दुसरी चूक जास्त महागात पडते. एक निवृत्त मास्तर साखरेची गोळी वेळेवर न्यायचे, ॲटोरवास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातली गोळी, मात्र न्यायचे थांबले. विचारलं तर म्हणाले, "मेथीने साखर बघा कशी खाली आली! आता ती गोळी कशाला?" साखर उतरली म्हणजे कोलेस्टेरॉलही उतरलं, हा त्यांचा हिशोब. मागे लागून लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करायला लावलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 84 चं 152 झालेलं. मधुमेहींना स्टॅटिन देतात ते हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका कमी करायला. ते काम मेथीने होतं असं कुणी दाखवलेलं नाही. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, शेजारच्या काकू नाहीत.

जवस अख्खे गिळू नका. जसे आत जातात तसेच बाहेर येतात. भाजून कुटा, आठवड्यापुरतेच, नाहीतर खवट होतात. चटणी करा, कॅप्सूलवर पैसे कशाला घालवता?

कोलेस्टेरॉलसाठी कलौंजी खाणारेही आहेत. तिला काही जण कांद्याचं बी म्हणतात. ते ऐकून कृषी सेवा केंद्रातून खरं कांद्याचं बी आणू नका. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मेथी वाढवताना साखर तपासत राहा. घाम, थरथर सुरू झाली तर आधी साखर खा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथी वाढवूच नका. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल एकत्र घेऊ नका, चार तास मध्ये जाऊ द्या.

आणि आठ दिवसांत लिपिड प्रोफाइल करून "काही फरक नाही हो" म्हणत येऊ नका. दोन-तीन महिने रोज खा, मग लॅबमध्ये जा.